खिडकीतले पंजाबराव

केशरबाई तायड्यांनी सिनेमात काम केलं होतं, ही गोष्ट त्यांच्या घरात सगळ्यांना माहीत होती आणि कोणाचाच तिच्यावर फारसा विश्वास नव्हता. त्या खोटं बोलतात असं कोणी म्हणत नसे. पण काम भुताचं, तेही तोंड न दाखवता, तेही उलटं चालून, आणि तो सिनेमा त्यांनी स्वतः कधी पाहिलेला नाही. इतक्या अडचणी असल्या की ऐकणारा माणूस "हो का" म्हणतो आणि वरणाला फोडणी द्यायला उठतो.

केशरबाई मूळच्या चिखलदऱ्याच्या. त्यांचे वडील पंजाबराव तिथल्या एका जुन्या, इंग्रजांच्या वेळच्या बंगल्यावर चौकीदार होते. मालक नागपूरला. उन्हाळ्यात आठ-पंधरा दिवस यायचे, बाकी वर्षभर बंगला, मागची कॉफीची झाडं आणि पंजाबराव. बंगल्यात पांढऱ्या लुगड्यातली बाई फिरते, असं गावातले लोक म्हणायचे. हे ऐकलं की पंजाबरावांचं डोकं तापायचं. छप्पन साली नागपूरला पायी जाऊन दीक्षा घेतलेला माणूस तो. घरातले देव त्यांनी स्वतःच्या हातानं नदीत सोडले होते. "भूत असतं तं मले पयले भेटलं असतं ना बे," ते म्हणायचे. "मीच तं झोपतो तेथी. चहा घ्याले तरी आलं असतं एखांद्या वक्ती."

शहाऐंशीच्या फेब्रुवारीत त्या बंगल्यात सिनेमाची माणसं उतरली. 'उलट्या पायाची पाहुणी' असं सिनेमाचं नाव. भूत होणारी नटी चिखलदऱ्याच्या थंडीनं तिसऱ्याच दिवशी आजारी पडली आणि परत गेली. डायरेक्टरला उंच, सडपातळ बाई हवी होती. अंगण झाडणारी केशर उंच होती, सडपातळ होती आणि समोरच होती.

पाय उलटे दिसायला पाहिजेत, म्हणून त्यांनी एक साधी युक्ती केली. केशरचं लुगडं पुढचं मागे करून नेसवलं, भुताचा मुखवटा तिच्या डोक्याच्या मागच्या बाजूला बांधला, त्याच्या दोन्ही बाजूंनी लांब केस सोडले आणि तिला सांगितलं, कॅमेऱ्याकडे पाठ कर आणि मागं मागं चालत ये. वऱ्हांड्यातून निघायचं, पायऱ्या उतरायच्या, अंगणात यायचं. मागं वळून पाहायचं नाही.

एवढं काम. सिनेमावाले गेले, पंजाबराव त्याच पावसाळ्यात काविळीनं वारले आणि पुढच्या वर्षी केशर लग्न होऊन हिवरखेडला गेली. सिनेमा अकोल्याला लागला तेव्हा नवऱ्यानं सांगितलं, रविवारी जाऊ. रविवारपर्यंत सिनेमा निघून गेला. मग मुलगा झाला, धर्मेंद्र, शेतातली कामं, अंगणवाडीतली नोकरी, नवऱ्याचं जाणं. धर्मेंद्रला अकोल्यात वीज खात्यात नोकरी लागली तशा केशरबाई त्याच्याकडे राहायला आल्या आणि सिनेमा 'हो का'पुरता उरला.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी दुपारी केशरबाई आणि त्यांची सून नीलम गच्चीवर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. संध्याकाळी त्या ओल्या दाण्यांची, सोल्याची भाजी करायची होती. नीलमचा एक हात शेंगांत आणि एक हात मोबाइलवर होता. अचानक ती म्हणाली, "आई, हे पाहा बरं. जुन्या सिनेमात खरं भूत दिसलं म्हणते."

व्हिडिओ अमरावतीच्या वर्षाली नावाच्या मुलीचा होता. झपाटलेल्या जागांचे व्हिडिओ ती करायची. पडद्यावर निळीशार रात्र होती. बंगल्याच्या पायऱ्यांवरून उलट्या पायांची बाई केस सोडून खाली येत होती. तिच्या मागच्या खिडकीत, काचेच्या आड, एक माणूस हळूहळू दोन्ही हात वर-खाली करत होता. वर्षालीनं त्याच्याभोवती लाल गोल काढला होता आणि ती कुजबुजत सांगत होती, की हा माणूस सिनेमात कोणाचंच काम करत नाही, मग हा कोणाला बोलावतोय?

केशरबाईंनी चष्मा लावला. "हे रात्र काहून आहे?" त्या म्हणाल्या. "आमी तं भर दुपारी केलं होतं. फरशीनं पाय पोळत होते माये."

"दुपारचं निळं करून रात्र दाखवतात, आई. पण तुम्ही आहे ही?" नीलमच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"मीच व्हय. पण मी तं मांगं सरून राहिली होती. हे तं येऊन राहिली." त्यांनी मोबाइल वाकडा करून पाहिला, सरळ करून पाहिला. मग त्यांचं बोट त्या लाल गोलावर गेलं. "अन् हा बाबा व्हय माया."

नीलमनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. केशरबाई सांगू लागल्या. मागं पाहायचं नाही असं डायरेक्टरनं बजावलेलं, मुखवट्याचे बंद कानशिलावर काचत होते आणि पायरी कुठं संपते ते कळत नव्हतं. पहिल्या वेळी त्या पडल्याच. मग पंजाबराव म्हणाले, मी तुझ्यासमोर उभा राहतो, माझ्या हाताकडं पाहा. कॅमेऱ्यात कोणी यायचं नव्हतं म्हणून ते आत जाऊन खिडकीमागं उभे राहिले. हात खाली केला की पायरी आली. उजवा हात हलवला की उजवीकडे सर. दोन्ही हात वर, म्हणजे थांब.

संध्याकाळी धर्मेंद्रनं वर्षालीला फोन लावला. दोन दिवसांत ती कॅमेरा घेऊन अमरावतीहून हजर. पोरगी गुणी होती, आल्या आल्या केशरबाईंच्या पाया पडली, सोल्याची भाजी दोनदा वाढून घेतली. पण पंजाबरावांची हकिकत ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरत गेला. इतके दिवस सांभाळलेलं भूत कोणाचा तरी बाप निघावा, हे तिला पटत नव्हतं.

"आजी, ते वारले केव्हा?"

"त्याच वर्षी. पावसाळ्यात."

"आणि सिनेमा लागला केव्हा?"

"त्याच्यानंतरच्या सालात. माया लग्नानंतर."

वर्षाली एकदम ताठ बसली.

आठवड्यानं नवा व्हिडिओ आला. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'चाळीस वर्षांनी मुलीनं ओळखलं! सिनेमा लागला तेव्हा हा माणूस जिवंतच नव्हता!' आत केशरबाई बोलत होत्या. "हा बाबा व्हय माया." मग वाजंत्री. "त्याच वर्षी. पावसाळ्यात." पुन्हा वाजंत्री. पायरीचं आणि हातांच्या खुणांचं सगळं गाळलेलं.

केशरबाईंनी तो व्हिडिओ तीनदा पाहिला. "नीलम, मी यात खोटं काय बोलली वं?"

"काहीच नाही, आई."

"मंग हे सगळं खोटं झालं कसं?"

धर्मेंद्रला ऑफिसात लोक विचारू लागले, तुमच्या आजोबांचं भूत आहे म्हणे. चिखलदऱ्याला जाणारे पर्यटक त्या बंगल्याच्या फाटकाशी उभं राहून, दोन्ही हात वर-खाली करत फोटो काढू लागले. आणि परतवाड्याहून केशरबाईंचा धाकटा भाऊ धम्मदीप पहिल्या एसटीनं अकोल्याला येऊन थडकला.

धम्मदीप निवृत्त मास्तर. शूटिंगच्या वेळी तो अमरावतीला वसतिगृहात शिकत होता. आत येऊन त्यानं जयभीम घातला, पाणी घेतलं नाही आणि उभ्यानंच सुरू झाला. "बाई, ज्या माणसानं जलमभर भूत नाही म्हणून सांगतलं, त्यालेच तुनं भूत करून टाकलं? माये जुने विद्यार्थी फोन करून राहिले मले. काय सांगू मी त्यायले?"

"मी काई नाई केलं रे. मी खरं तेच सांगतलं."

"खरं सांगाले गेली, तेथीच चुकलं तुयं."

नीलमनं कसंबसं त्याला बसवलं. पूर्ण सिनेमा इंटरनेटवर होता. तो एकदा सगळ्यांनी मिळून पाहावा म्हणजे भांडायला तरी बरं, असं म्हणून तिनं टीव्हीवर लावला.

केशरबाईंना आणखी एक धक्का बसला. डायरेक्टरनं त्यांना सांगितलं होतं की सिनेमा पाहून लोकांची दातखीळ बसली पाहिजे. त्यांनी तसंच, जीव लावून, श्वास रोखून काम केलं होतं. इकडे पडद्यावर बंगल्याच्या वारशासाठी आलेले तीन भाऊ भुताला पाहून एकमेकांच्या खांद्यावर चढत होते. सगळ्यात वरचा पंख्याला लटकला. पंखा सुरू झाला. धम्मदीप आधी नाकातून हसला, मग मोठ्यानं, मग त्याला ठसका लागला आणि त्यानं स्वतःच पाणी मागितलं.

"हे हसाचं आहे काय?" केशरबाईंनी विचारलं.

"हो, आई. कॉमेडी आहे हा."

"मले कोणी सांगतलंच नाई," त्या म्हणाल्या. रागवावं की काय करावं ते त्यांना कळेना. पुढच्या वेळी भूत आलं तेव्हा त्यांनाही हसू आलं, आणि हसल्याबद्दल थोडं वाईट वाटलं.

मग ती पायरी आली. खिडकी आली. धम्मदीप टीव्हीजवळ जाऊन उभा राहिला. "हे बाबा नाई," तो म्हणाला. "बाबा एवढे बुटके होते काय? सिनेमावाला असन कोणी."

"हात पाह्य. हात खाली गेला का माया पाय खाली जाते."

नीलमनं मागं घेऊन पुन्हा दाखवलं. खिडकीतला हात खाली आला, मग भुताचा पाय खालच्या पायरीवर आला. पुन्हा हात, पुन्हा पाय.

"हात कोणीबी दाखवू शकते. तोंड दिसलं होतं तुले?"

केशरबाई तोंड उघडून बोलायला गेल्या आणि थांबल्या. त्यांनी डोळे मिटले. ऊन होतं. काच चकाकत होती. काचेत आभाळ दिसत होतं आणि आभाळातून दोन हात. "हात दिसत होते," त्या सावकाश म्हणाल्या. "तोंड... बाबा आत गेले हे मी पाह्यलं होतं. पण त्यायच्यासंग आतमध्ये दुसरं कोणी होतं का, ते काई... मले वाटलं बाबाच."

टीव्हीवर खिडकीतले दोन हात थांबवलेले होते. चाळीस वर्षं जी गोष्ट त्यांनी एकदाही तपासली नव्हती, ती आता हातातून सुटल्यासारखी झाली होती.

आणि मग उलटंच झालं. धम्मदीप चिडला. "आता काहून मागं सरते? पोरीच्या जिवाची काळजी त्या सिनेमावाल्यायले होती काय? बाबाच असतीन. पुन्हा लाव, नीलम."

नीलमनं पुन्हा लावलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं वर्षालीला बोलावून घेतलं आणि कॅमेऱ्यासमोर बसून पायऱ्या, खुणा, कावीळ, दीक्षा, सगळं मुद्देसूद सांगितलं. वर्षालीनं एक शब्दही न कापता ते टाकलं. ते फारसं कोणी पाहिलं नाही. एकानं खाली लिहिलं, हे काका पण सिनेमात होते काय? चिखलदऱ्याच्या फाटकाशी लोक अजून हात हलवतात.

निघताना धम्मदीपनं नीलमकडून पायऱ्यांचा तेवढाच तुकडा मोबाइलमध्ये घेतला. आता दर आठ-पंधरा दिवसांनी त्याचा फोन येतो. "बाई, थांबवून पाह्यलं. बाबाच व्हय. खांदा पाह्य." मग पुढच्या वेळी, "नाई वं. बाबा असे वाकत नव्हते." केशरबाई दर वेळी तो म्हणेल त्याला हो म्हणतात. त्यांचं स्वतःचं मत विचारलं तर त्या म्हणतात, सकाळी एक असते, संध्याकाळी दुसरं असते, आणि नीलमला विचारतात की शेजारच्या बायकांना दाखवायचं म्हणून तो पंख्याचा भाग कुठं येतो.