वत्सलाताई जज्ज झाल्या

समोरचा माणूस बसेपर्यंत वत्सलाताई स्वतः बसत नसत. लंडनजवळ वॉटफर्डला चिप्सच्या दुकानाच्या वर त्यांचं सॉलिसिटरचं, म्हणजे वकिलीचं, ऑफिस होतं. फायलींनासुद्धा तळणाचा वास यायचा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या नवऱ्याला, दिनकरला, इमिग्रेशनवाल्यांनी कामावरून उचलून नेलं होतं. व्हिसा संपल्यावर राहिला, एवढाच गुन्हा. मी हुंदके द्यायला लागले तर म्हणाल्या, "रड, पण बोलत रड."

कुणी गोरा ऑफिसर "दीज पीपल" म्हणाला की त्या तिथेच थांबवत. "विच पीपल? नाव घेऊन बोला." दिनकरला त्यांनी जामिनावर सोडवलं, अपील केलं. पुढे आम्ही त्या अपिलावरच जगत होतो.

सुनावणीची तारीख जवळ आली आणि बातमी आली: ताई जज्ज झाल्या. इमिग्रेशनची अपिलं ऐकायला आता आपली बाई! कम्युनिटीने हॉल घेतला, हार आणले. मला म्हणाले, तू त्यांची क्लायंट, दोन शब्द बोल.

मी त्यांना हॉलच्या किचनमध्ये गाठलं. "ताई, आमचं काय?"

"तुझी केस आता मला लढता येणार नाही. तिच्याबद्दल बोलतासुद्धा येणार नाही."

"दोनच महिने थांबा ना. पाया पडते तुमच्या."

त्यांचा चेहरा उतरला. "विनवलं गं मी नेमणूक करणाऱ्यांना. नाही थांबत म्हणाले. आणि ती खुर्ची सोडली, तर पुन्हा आपल्या माणसाला कोण देणार?"

बाहेर माझं नाव पुकारलं. मी स्टेजवर जाऊन कौतुक केलं. काय बोलले, आठवत नाही. टाळ्या पडल्या. ताईंनी मान वर केली नाही.

नवा वकील मनापासून लढला, आणि हरला. दिनकरला विमानात बसवलं, तेव्हा लेक माझ्या कडेवर झोपली होती. माझे कागद पक्के होते, आम्ही दोघी इथेच राहिलो. ताईंचा नंबर मी कितीदा फिरवला आणि रिंग वाजायच्या आत फोन ठेवला. त्यांना तरी काय विचारायचं होतं?

काही वर्षांनी मी नर्स होते त्या वॉर्डात एक बांगलादेशी बाई आली. नवरा उशाशी बसून तिला संत्रं सोलून देत होता. "याला परतच पाठवणार होते," ती म्हणाली. "पण जज्ज इंडियन लेडी होती. तिने याला राहू दिलं." तिने नाव सांगितलं. आमच्या ताईंचंच.

त्या रविवारी नागपूरला फोन लावून दिनकरला सांगितलं.

"बरं झालं," तो म्हणाला. "कुणाचा तरी राहिला."