आईचं मूळभात

पूर्वी भात कांडलं की साऱ्या घराला कळायचं, हे मिंदू ओसरीवर बसून शंभरदा सांगायची. ऐकणाऱ्यांचा जीव मेटाकुटीला आला तरी तिला त्याचं सोयरसुतक नसे. वीस-बावीस बिऱ्हाडं एका छपराखाली, सगळ्यांना मिळून एकच लांबलचक ओसरी आणि पहाटे तिच्यावर मुसळांचा ठेका. कोणाचं मुसळ खणखणीत, कोणाचं बसकं, कोणती सून पेंगत पेंगत कांडते हे अंथरुणात पडल्या पडल्या ओळखू यायचं. मग जंगल फोडून रस्ता आला, बाजारात गिरणी आली. भात पोत्यातून जातं नि तांदूळ होऊन येतं. कोणी काय कांडलं कोणाला पत्ता, असं म्हणून ती नाक मुरडायची.

मिंदू याच घरात, मधल्या बिऱ्हाडात जन्मली आणि तिथंच म्हातारी झाली. नवरा बायांग लग्न करून तिच्याकडे राहायला आला. आम्हा इबान लोकांत त्यात कमीपणा नाही. कमीपणा आळशी असण्यात आहे आणि बायांग आळशी नव्हता. दरवर्षी डोंगराचा एक उतार जाळून साफ करायचा. पुरुष पुढे काठ्यांनी भोकं पाडत चालायचे, बाया मागून बी टाकत यायच्या. भोकं वाकडी पडली की बाया पुरुषांची अशी काही चेष्टा करायच्या की चर्चचे पाद्रीबाबा ऐकायला नाहीत म्हणून बरं, असं वाटावं. ते दिवस आठवले की मिंदूचे डोळे भरून यायचे. त्या दिवसांत कष्ट थोडे नव्हते, पण कष्टाला सोबत होती.

शेताच्या मधोमध मात्र ती एकटी जायची. तिथं तिच्या आईचं मूळभात पेरायचं असायचं. आमच्यात प्रत्येक चुलीचं स्वतःचं बी असतं. ते विकत नाहीत, उसनं देत नाहीत. जी पोर बिऱ्हाडात राहते तिच्याकडे ते जातं आणि जी लग्न होऊन दुसऱ्या घरी जाते तिच्यासोबत त्यातलं टोपलीभर देतात. मिंदूचं भात तांबूस, आखूड दाण्याचं, शिजताना रानातल्या आल्यासारखा वास सुटणारं. माळ्यावर सालीच्या छोट्या कणगीत ते वेगळं असायचं. त्या कणगीत बी आहे तोवर चूल आपली, नाहीतर आपण आपल्याच घरात भाडेकरू, असं आई म्हणे आणि मिंदूचा त्यावर देवापेक्षा जास्त विश्वास होता.

बायांग गेला. मुलगा एन्त्री समुद्रातल्या तेलाच्या विहिरींवर कामाला लागला आणि बायको अगाथाला आईपाशी ठेवून गेला. अगाथा शहरातली. तांदूळ दुकानात पिकत नाहीत हे हिला लग्नानंतर कळलं, असं मिंदू चारचौघांत सांगायची आणि अगाथाही सगळ्यांच्या आधी हसायची. पोरगी मनानं सोन्यासारखी, सासूला इंदाई, म्हणजे आई, म्हणणारी. सासू खोकली तरी आल्याचं पाणी घेऊन हजर. मिंदूनं तिला सगळं शिकवलं, फक्त त्या कणगीचं सांगितलं नाही. पुढच्या पेरणीला सांगू, म्हणत म्हणत तीन पेरण्या गेल्या. खरं कारण वेगळंच होतं. सुनेला सगळंच सांगून टाकलं तर सासूला विचारणार कोण?

त्या वर्षी मिंदूच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायला तिला शहरात नेलं. आठवड्यानं ती डोळ्याला पट्टी लावून परतली तर ओसरीवर पंगत मांडलेली. अगाथानं सारं घर जेवायला बोलावलं होतं. बांबूत शिजवलेली कोंबडी होती, नदीचा मासा होता, रानातली नेची परतलेली होती. सगळे मिंदूला बघायला जमलेले. तिनं भाताचा पहिला घास घेतला.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. मिंदूला एका घासावरून अख्खी कणगी कळली.

"हा तांदूळ कुठला गं?" तिनं अगदी सहज विचारलं.

"माळ्यावरच्या छोट्या कणगीतला, इंदाई. मोठीतल्याला किडे लागले होते. म्हटलं, तुम्ही बऱ्या होऊन येताय, घरातला सगळ्यात चांगला तांदूळ करू. गिरणीवर जाऊन आणला."

"सगळा?"

"सगळा. एवढी माणसं, कमी पडायला नको."

समोर सून कौतुकाच्या आशेनं उभी होती. "चांगला झालाय," मिंदू म्हणाली आणि तिनं ताट पुढे केलं. तेव्हा ती कशी जेवली हे तिचं तिलाच माहीत.

आता जगात एकच जागा उरली होती. तिची थोरली बहीण लुलोंग लग्न करून नदीच्या वरच्या अंगाला गेली तेव्हा आईनं तिला टोपलीभर मूळभात दिलं होतं. त्या लुलोंगशी मिंदू गेली कित्येक वर्षं बोलली नव्हती. सकाळ होताच तिनं शेजारच्या सेलाकाला होडी काढायला लावली. बहिणीची आठवण आली, एवढंच तिनं अगाथाला सांगितलं.

लुलोंगच्या घरापर्यंत अजून रस्ता पोचला नव्हता. नदी तशीच होती, वाकलेल्या झाडांखालून काळसर वाहणारी. एका खडकावरून लुलोंगनं लहानपणी मिंदूला पाण्यात ढकललं होतं आणि मग घाबरून स्वतःच मागोमाग उडी टाकली होती. तो खडक दिसला तेव्हा मिंदूनं एका डोळ्यानं त्याच्याकडे बघून घेतलं. भांडण कशावरून झालं? लुलोंगचा हात गरम, तिच्या हातानं पीक फळत नाही, म्हणून आईनं धाकटीला घरी ठेवलं. एका सुगीच्या सणात तांदळाची दारू चढल्यावर मिंदूनं हे सगळ्यांदेखत हसत सांगितलं. लुलोंग उठली ती पुन्हा माहेरी आली नाही.

लुलोंग ओसरीवर एकटीच चटई विणत बसली होती. केस पांढरेफेक, पण जीभ जुनीच.

"एका डोळ्यानं आलीस? दुसऱ्याला मी बघवत नाही वाटतं."

"आका, मी मागायला आलेय," मिंदू म्हणाली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. गिरणी, पंगत, पहिला घास, काही लपवलं नाही. शेवटी म्हणाली, "तुझ्या टोपलीतलं मूठभर दे. आईची चूल विझेल गं."

लुलोंगच्या हातातली पाती थांबली.

"माझ्याकडचं संपून दोन वर्षं झाली, मिंदू. पोरं शहरात गेली, मला उतार चढवेना. एका वर्षी पेरलं नाही, दुसऱ्या वर्षी खाल्लं. म्हटलं, जाऊ दे, आपला हात गरम. गार हाताची घरी आहे, ती राखील. तब्येत जरा सुधारली की मीच तुझ्याकडे मागायला येणार होते."

मिंदू लहान पोरीसारखी रडली. लुलोंगनं तिला उगी केलं नाही, कारण ती स्वतःच रडत होती. दोघी एकमेकींच्या भरवशावर राहिल्या होत्या आणि एवढ्या वर्षांत एकीनं दुसरीला नुसतं विचारलं असतं तरी पुरलं असतं.

"सुनेला बोललीस?" डोळे पुसत लुलोंगनं विचारलं.

"नाही."

"बोलू नकोस. पुन्हा कोणाला सढळ हातानं वाढायची नाही ती."

मग तिची नजर मिंदूच्या पिशवीतल्या पानाच्या पुडक्याकडे गेली. निघताना अगाथानं कालचा उरलेला भात वाटेत खायला बांधून दिला होता. मिंदूनं ते पुडकं वाटेत उघडलंच नव्हतं.

"त्यातलाच आहे?" लुलोंगनं हळूच विचारलं. "सोड. मी चव विसरत चाललेय."

पान सोडल्यावर रानातल्या आल्याचा वास सुटला. लुलोंगनं एक घास घेतला, डोळे मिटले आणि आईची हाक आल्यासारखी मान वळवली. मग तिनं दुसरा घास मिंदूच्या तोंडात घातला. दोघींनी पानाला चिकटलेलं शीतन् शीत वेचून खाल्लं, आणि आईचं मूळभात संपलं.