चार वाजताची धून

मी सुभेदार म्हणून रिटायर झालो. आता कोपरखैरण्यात राहतो. सोसायटीतले लोक विचारतात, साहेब, गोळीची भीती वाटायची का? वाटायची की. पण माझ्या हातून जे झालं ते भीतीनं नाही, संशयानं झालं.

तेव्हा आमची कंपनी सीमेवर होती. मी पोस्ट कमांडर. पुढच्या तीन पोस्टशी बोलायला रेडिओ सेट, आणि सेटवर लान्स नायक हरेश. उरणकडचा आगरी. कामाला चोख, बोलायला कंजूष. रोज १६०० वाजता, म्हणजे दुपारी चारला, रेडिओ चेक संपला की हा गडी बटण दाबून एक धून गुणगुणायचा. शब्द नाहीत. मधेच एका जागी थांबायचा, मग पुढे जायचा. रोज तीच जागा.

मी साताऱ्याचा. आमच्याकडची भजनं, ओव्या, पोवाडे सगळं कानावरून गेलेलं. ही चाल त्यातली नव्हती. सेटवर फालतू आवाज करायचा नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, तरी करायचा. त्यात दोनदा गुणगुणून झाल्यावर तासाभरात पलीकडून फायर आला. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, हा पलीकडच्यांना खूण तर देत नाही? थांबतो तरी कुणासाठी?

त्याला हटकलं नाही. रंगेहाथ धरायचा होता ना! अकरा दिवस बंकरच्या दाराशी उभा राहून ऐकलं. किती वाजता सुरू केलं, कुठे थांबला, किती सेकंद थांबला, सगळं वहीत उतरवलं.

बाराव्या दिवशी सकाळी त्याला सेटवरून काढला, पेट्रोलवर म्हणजे गस्तीला धाडायला.

"हरेश, आज पेट्रोलवर जायचं."

"साहेब, सेट?"

"ते मी बघतो."

"जी, साहेब."

११२० वाजता पेट्रोलवर फायर आला. हरेश जागीच गेला.

१६०० वाजता सेटवर मी बसलो. पुढच्या पोस्टना बातमी अजून दिली नव्हती. चेक संपला, पण कुणी सेट सोडेना. मग पुढच्या चार्ली पोस्टवरून आमच्या अल्फाला हाक आली.

"चार्ली फॉर अल्फा. आज गाणं नाही? ओव्हर."

"कसलं गाणं? ओव्हर."

"हरेशचं, साहेब. पोरं वाट बघतायत. फायर खाल्ल्यावर ते ऐकलं की जरा जिवाला बरं वाटतं. ओव्हर."

मी हेडफोन काढून ठेवला आणि रडलो. सांगायला लाज वाटत नाही.

त्याच्या घरी जायचा धीर मला इतकी वर्षं झाला नाही. गेल्या महिन्यात उरणला गेलो. त्याची आई धवलारीण, म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात विधींची गाणी गाणारी. त्या गाण्यांना धवले म्हणतात. दुपारी तिच्या ओटीवर बसून माझ्या फुटक्या आवाजात मी ती धून गुणगुणलो. तो थांबायचा त्याच जागी थांबलो.

"ह्यो हलदीचा धवला हाय," ती म्हणाली. "तिथं त्याचा दम तुटायचा. ल्हानपनापासून."

मग मी सगळं सांगितलं. वही, संशय, पेट्रोल. एकही गोष्ट लपवली नाही.

"अकरा दिस आयकलात तुमी?"

"हो, आई."

"मंग येकदा तरी इचारलात का त्याला, काय गातंस म्हनून?"

"नाही."