ब्लॉसमचा उपास

इंग्लंडातल्या बार्न्सलीवर तीन दिवस नुसती भुरभुर चालली होती. ना धड पाऊस, ना धड उघडीप. क्लिफ ओल्डरॉइडच्या मागल्या खोलीत मात्र बारमाही उन्हाळा. तेहतीस वर्षं बस हाकून घरी बसलेला हा गडी रोज सकाळी तिथं सात छोट्या जातीच्या अजगरांचे सात खण ओढायचा, खराब झालेला पेपर काढून कालचा पेपर अंथरायचा, पाण्याच्या वाट्या घासायचा. त्याची बायको नोरीन म्हणायची, "एवढी सेवा माझी केली असतीस, तर मीच अंडी घातली असती!"

अंड्यांचाच तर ध्यास लागला होता. सातांतला हर्बर्ट देखणा नर, पाठीवर सोनेरी नक्षी. त्याच्या तोलाची मादी काही मिळेना. तेवढ्यात रॉदरहॅमचा एक पोरगा घर बदलताना आपली ब्लॉसम उशीच्या अभ्र्यात घालून घेऊन आला. नवी घरमालकीण सापाला दारात उभं करत नव्हती म्हणे. क्लिफनं अभ्रा सोडला. पोरीचा कणा घराच्या आढ्यासारखा वर आलेला. वजन एक किलो चाळीस ग्रॅम. दीड किलोच्या खाली मादी नराशेजारी सोडायची नाही, हा अजगर पाळणाऱ्या मंडळींचा शिरस्ता. रोडकीला अंडी सोसत नाहीत, जीव जातो.

पण सून आली म्हटल्यावर क्लिफ हरखला. बाकीचे सात खणांत. हिला मात्र चार फुटी काचेचा महाल, प्लॅस्टिकच्या वेली, वर एक बारकासा धबधबा. आणि या महालात ब्लॉसमनं पाच आठवडे उपास धरला. क्लिफनं गोठवलेले उंदीर कोमट पाण्यात सोडले, नोरीनच्या केस वाळवायच्या यंत्रानं ऊबदार केले, चिमट्यात धरून नाचवले. ब्लॉसम तोंड फिरवायची.

रविवारी सकाळी बटाटे सोलता सोलता त्याला राहवेना. हात पुसून त्यानं तिला स्वयंपाकाच्या काट्यावर ठेवलं. नऊशे साठ ग्रॅम.

"मरते की काय गं ही!" त्याचा आवाज चिरकला.

"माझ्या पिठाच्या काट्यावर नको मरू म्हणावं," नोरीन म्हणाली, पण तीही वाकून बघायला लागली.

क्लिफ कोमट पाण्यात सोडलेला उंदीर बघायला मोरीकडे वळला, परत फिरला तर काटा रिकामा. दोघं टेबलाखाली रांगत शोधू लागली. शेवटी नोरीननं उठून टेबलाकडे बोट केलं. चहाची किटली धुवायला काढलेली, चहा गरम राहावा म्हणून तिच्यावर टोपीसारखी घालायची लोकरी टीकोझी टेबलावर पडलेली, आणि तोटीच्या भोकातून एक चपटं नाक बाहेर.

"क्लिफर्ड. माझ्या आईच्या हातची टीकोझी आहे ती."

"थांब, हात लावू नकोस!"

"अरे शहाण्या, सात जणांना अंग चोरून बसायला खण दिलेस, आणि हिला नाचघरात ठेवलंस. चारी बाजूंनी काचा! मला तरी घास गेला असता का तिथं?"

क्लिफनं कपाळावर हात मारला. साप पाळणाऱ्यांच्या क्लबातल्या नवख्यांना तो हेच तर सांगत फिरायचा: अजगराला अंगाला भिडणारी अडचण द्या, जागा नव्हे. त्यानं ऊन उंदीर चिमट्यानं टीकोझीच्या घेरापाशी नेला. नाक आत गेलं. फट्! चिमटा मोकळा आला, आणि टीकोझी टेबलावर गरबा खेळू लागली.

"खाल्लं! नोरीन, खाल्लं बघ!" क्लिफच्या डोळ्यांत पाणी.

"बरं झालं. आता काढ तिला. चारला एनिड चहाला येतेय."

"दोन दिवस काढता यायचं नाही. बाहेर ओढलं तर ओकते."

टीकोझी शांत झाल्यावर त्यानं ब्लॉसमला तशीच, लोकरीसकट, अलगद आठव्या, रिकाम्या खणात सरकवली. नोरीन कमरेवर हात ठेवून उभी.

"आणि माझ्या बहिणीला गार चहा?"

क्लिफनं डोक्यावरची लोकरी टोपी काढून तिच्या हातात दिली. तिनं ती हुंगली.

"दीड किलो व्हायला किती दिवस?"

"वर्षभर तरी लागेल."

"म्हणजे वर्षभर माझी टीकोझी बाळंतिणीच्या खोलीत. सोल ते बटाटे."

क्लिफ उघड्या डोक्यानं मोरीशी उभा राहिला आणि पुढचा बटाटा उचलला.