परक्यांच्या फोनमधले आम्ही

नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला मुलीला आमचा दोघांचा एकत्र फोटो लावायचा आहे. लंडनमधल्या हॅरोच्या घरात मी आठवडाभर लॅपटॉप धुंडाळते आहे आणि चिडते आहे. त्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं चीनमधल्या एका गावात होतो, दर रविवारी फिरायला जायचो. पण प्रत्येक फोटोत एक तर तो, नाही तर मी. दुसऱ्याच्या हातात कॅमेरा.

एकत्र फोटो निघालेच नाहीत असं नाही. त्या गावात आमच्यासारखे चेहरे दुसरे नव्हते. तळ्याकाठी गेलो की अनोळखी माणसं फोन दाखवून खुणेनं विचारत, आम्हाला मध्ये उभं करत. मी वैतागायचे.

"अरे, चल ना, तळं बघायचंय."

"अगं, तळं कुठे पळून जातंय? हस जरा."

ते सगळे फोटो आता त्या माणसांकडेच. मला त्यांच्यातल्या एकाचंही नाव ठाऊक नाही.

"आई, मी दोन फोटो जोडून देते," मुलगी म्हणाली आणि तिनं लगेच पाठवलाही. त्यात तो हसतो आहे आणि मी भलतीकडेच बघते आहे. मी तो डिलीट केला आणि पुन्हा पहिलं फोल्डर उघडलं.