ओरालियाचं स्पॅनिश

टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या पश्चिम भागातल्या वाचनालयात महिन्यातल्या एका शनिवारी भविष्यकाळातल्या गोष्टी वाचणारी लॅटिनो मंडळी जमायची. ओरालिया कांतू सगळ्यांच्या आधी हजर. साठीला टेकलेली, दाताच्या दवाखान्यात रुग्णांची नावं पुकारणारी, आणि बोलणं असं की भूल न देताच दात उपटावा.

एका बाबतीत मात्र तिची बोलती बंद व्हायची. स्पॅनिश! शाळेत स्पॅनिश बोलल्याबद्दल आईनं छड्या खाल्लेल्या, म्हणून मुलींशी तिनं कायम इंग्रजीच ठेवलं. रागावली की तेवढं तिला इंग्रजी सुचायचं नाही, तोंडातून स्पॅनिशच निघायचं. दवाखान्यात कुणी स्पॅनिशमधून दुखणं सांगू लागलं, की ओरालिया नुसती हसायची आणि खुर्चीकडे बोट दाखवायची.

मंडळाला नाव हवं, असा विषय यारेलीनं काढला. ही कॉलेजातली पोर, आईबाप एल साल्वाडोरचे.

"लॅटिनो म्हटलं की पुरुष, लॅटिना म्हटलं की बाई. लॅटिनएक्स म्हणू या. एक्समध्ये सगळे मावतात."

"माझा एक एक्स ह्यूस्टनला असतो," ओरालिया म्हणाली. "त्याला मी परत कशातही मावू देणार नाही."

पोर्तो रिकोचा विल्फ्रेदो, निवृत्त पोस्टमन, कॉफी पिता पिता ठसकला.

त्या दिवशीची गोष्ट पृथ्वी सोडून निघणाऱ्या यानाची होती. दारावरचा पहारेकरी पूर्वजांच्या भाषेत, म्हणजे स्पॅनिशमध्ये, प्रश्न विचारतो. उत्तर आलं नाही, तर माणूस बाहेर.

"भाषा जपणारेच तरतात," यारेली भारावून म्हणाली.

ओरालियानं हातातला गोड पाव बशीत ठेवला. "म्हणजे मी मेले."

या वेळी कुणी हसलं नाही. यारेलीचा चेहरा उतरला. "मावशी, मला तसं नव्हतं म्हणायचं."

"गोष्टीला तसंच म्हणायचंय ना!"

"मग शेवट बदला की," विल्फ्रेदो म्हणाला. "पुढच्या वेळी वाचू."

ओरालियानं खरंच लिहून आणलं. यानाच्या दारात दवाखान्यातली एक बाई अडते. प्रश्न तिला कळत नाही. ती भडकते आणि येतं तेवढं सगळं स्पॅनिश पहारेकऱ्याच्या तोंडावर फेकते: "निर्लज्जे! आळशे! कान फुटलेत का गं तुझे? थांब, चप्पलच काढते!" उच्चार थेट त्याच्या आईचा. पहारेकरी मुकाट बाजूला होतो.

सगळे हसून बेजार. यारेली डोळे पुसत म्हणाली, "पण मावशी, पहारेकरी पुरुष आहे. निर्लज्जा म्हणायला हवं."

"आम्ही तिघी बहिणी. पुरुषाला कसं झापतात ते ऐकणार कुठं? आणि बाबा आमचे अगदीच गरीब गाय, त्यांना झापायची वेळच आली नाही."

"यारेली," विल्फ्रेदो म्हणाला, "बाईपुरुष पुसून टाकायला तूच निघाली होतीस ना?"

यारेली लाल झाली. "मग काय, निर्लज्जएक्स म्हणू?"

मंडळाचं नाव त्याही दिवशी ठरलं नाही. बाहेर गाडीत बसून ओरालियानं बहिणीला फोन लावला.

"नेल्डा, आई रागावली की आणखी काय काय म्हणायची गं?"

"वाचनालयात शिव्या लागतात?"

"लागतात. तू सांग."

नेल्डा आईच्या चढ्या आवाजात एकेक सांगत गेली, आणि ओरालिया प्रत्येक शिवी मोठ्यानं म्हणून बघत राहिली. शेजारच्या गाडीचं दार उघडायला आलेला माणूस दचकला आणि दूर सावलीत जाऊन उभा राहिला.