पुढे सरकवलेला पेला

भिवंडीत लूम, म्हणजे यंत्रमाग, शुक्रवारी बंद, म्हणून आमचा रविवारही शुक्रवारीच. कामतघरच्या चाळीत आम्ही पाच ख्रिस्ती घरं. महिन्यातून एकदा कल्याणहून पाळकसाहेब येत आणि शेजारणीच्या खोलीत प्रभुभोजन होई. भाकर मोडून वाटायची आणि एकाच पेल्यातून सगळ्यांनी द्राक्षरस घोट घोट प्यायचा.

सत्तर सालानंतरची ही गोष्ट. मी बावीस वर्षांची, एकटीच राहायचे, लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायचे. एका सकाळी खोकताना पदराला रक्त लागलं आणि माझी गाळणच उडाली. क्षय म्हटला की लोक माणसाची भांडी वेगळी ठेवत. त्या शुक्रवारी पेला आला तसा मी ओठ न लावता पुढे सरकवला. कुणाला सांगायचं नाही, माझं काय ते मी आणि माझा देव बघून घेऊ, असं ठरवून टाकलं. तोरा होता, दुसरं काय.

पण आमच्यात पेला नाकारला की लोक समजायचे, हिचं कुणाशी तरी बिनसलंय. ते मिटेपर्यंत प्यायचं नाही, असा रिवाज. संध्याकाळी शेजारीण दारात हजर.

"नळावर बोलले ते मनाला लावून घेतलंस का गं? माफ कर."

नळावरचं मला आठवतही नव्हतं. "तसं काय न्हाय," म्हणत मी दार लोटलं. ती बिचारी बाहेर बराच वेळ उभी होती. आत मी तोंडात पदर कोंबून खोकला दाबत होते.

पुढच्या महिन्यात तिनंही पेला घेतला नाही. "हिचं मन साफ झाल्याबिगर मी कशी पिऊ?" मग तिच्या नवऱ्यानं घेतला नाही, मग सासूनं, मग एकेक करत बाकीच्या सगळ्यांनीच. पेला भरलेलाच पाळकसाहेबांकडे परत गेला. सगळे माझ्याकडे बघत होते. कुणाच्या डोळ्यांत राग नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटली. शेजारणीची धाकटी नेहमीसारखी माझ्या मांडीवर बसली होती.

"मला खोकल्यातून रक्त पडतं," मी म्हणाले. "महिना उलटून गेला."

शेजारणीनं आधी पोरीला माझ्या मांडीवरून उचललं. मला वाटलं, संपलं सगळं. पोरीला नवऱ्याकडे देऊन ती पुन्हा माझ्याजवळ येऊन बसली.

"औषध कुठलं चालू हाय?"

मी कुठलंच घेत नव्हते. दवाखान्याच्या रांगेत यांच्यातलं कुणी बघेल, या भीतीनं मी अजून तिथली पायरीही चढले नव्हते.